हिशेबाची बाजू, हाताची बाजू

इलेक्ट्रिक गिटारची नेक सुटी करून हातात घेतली की एकाच वस्तूत दोन वस्तू नांदताना दिसतात. समोरची बाजू आखीवरेखीव. तिच्यावर धातूचे आडवे फ्रेट बसवलेले आणि प्रत्येक फ्रेटची जागा गणिताने ठरवून दिलेली. मागची बाजू गोलसर, गुळगुळीत, मोजमापाची एकही खूण नसलेली. वाजवणाऱ्याची नजर समोरच्या बाजूवर असते. मागची बाजू त्याला दिसत नाही, ती त्याच्या तळहाताला कळते.

बहुतेक गिटारींमध्ये या दोन बाजूंचं काम दोन लाकडं वाटून घेतात. मागे महोगनी किंवा मेपल आणि त्यावर चिकटवलेली शिसवीची किंवा आबनुसाची पट्टी. फ्रेट त्या पट्टीत बसतात. मला घरी करायची होती ती नेक मात्र मेपलच्या एकाच फळीची. वरून वेगळी पट्टी नाही. ज्या लाकडाची पाठ, त्याच लाकडावर फ्रेट. माझी लेक गिटार वाजवते आणि तिच्या गिटारची नेक तिच्या हाताला मोठी होत होती, हे निमित्त. पण नेमकेपणा कुठे पाळायचा आणि मोकळीक कुठे घ्यायची, हे या लाकडाने मला जितकं स्पष्ट दाखवलं तितकं दुसऱ्या कशानेच दाखवलेलं नाही. म्हणून हे काम नेक पुरी झाल्यावरही मनातून गेलेलं नाही.

ही रचना लिओ फेंडर यांची. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात १९३८ मध्ये त्यांनी रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे. ते वाद्याकडे दुरुस्ती करणाऱ्याच्या नजरेने बघत. काय झिजतं, काय मोडतं, ते बदलायला किती वेळ लागतो, हे त्यांचे प्रश्न. गिटारचे फ्रेट झिजतात, नेक वाकते, आणि तोवरच्या नावाजलेल्या गिटारींमध्ये नेक बॉडीला चिकटवलेली असे. तिचं काम निघालं की कसबी कारागीर गाठावा लागे. फेंडरनी १९५० मध्ये बाजारात आणलेल्या गिटारची नेक चार स्क्रूंवर बसत होती. बिघडली तर काढायची, दुसरी लावायची. त्या गिटारचं एक रूप एस्क्वायर, दुसरं ब्रॉडकास्टर. ग्रेच कंपनीच्या ड्रमचं नाव तसंच असल्यामुळे हरकत आली आणि १९५१ मध्ये ब्रॉडकास्टरची टेलिकास्टर झाली. १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर आली. १९५९ च्या सुमारास शिसवीची पट्टी येईपर्यंत या सगळ्या गिटारींच्या नेक मेपलच्या एकाच तुकड्याच्या होत्या.

फेंडरनी आणखी एक गोष्ट सोपी केली. गिब्सन कंपनीच्या गिटारीचा हेडस्टॉक, म्हणजे जिथे तारांच्या खुंट्या असतात तो भाग, मागे कललेला असतो. तो कल एका तुकड्यात आणायचा तर जाड ठोकळा घ्यावा लागतो आणि त्यातलं पुष्कळ लाकूड भुशात जातं. फेंडरनी हेडस्टॉक कलवलाच नाही. तो नेकला समांतर ठेवला आणि जाडीतून थोडा खाली उतरवला. त्यामुळे एक इंच जाडीच्या साध्या फळीतून अख्खी नेक निघते. कारखान्यात माल झटपट निघावा म्हणून केलेली ही योजना. पण तिच्यामुळेच ज्याच्याकडे एक फळी, एक राउटर आणि थोडा धीर आहे, त्याला हे काम घरच्या गॅरेजमध्ये करता येतं. कामगारासाठी सोपी केलेली गोष्ट हौशी माणसालाही सोपी होते, हे ऋण मी मनापासून मानतो.

मी राहतो त्या ओंटारिओत मेपल शोधायला लांब जावं लागत नाही. मार्चच्या आसपास रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा शून्याच्या वर गेलेला पारा, असं चक्र सुरू झालं की शुगर मेपलच्या बुंध्यांतून रस वाहू लागतो. सुमारे चाळीस लिटर रस आटवावा तेव्हा लिटरभर पाक होतो. त्याच झाडाच्या लाकडाला इथल्या वखारीत हार्ड मेपल म्हणतात. बास्केटबॉलची कोर्टं, बोलिंग ॲलीची जमीन आणि खाटकाचे ओंडके याच लाकडाचे. सागाहून कठीण आणि रंगाने दुधावरच्या सायीकडे झुकणारं. त्याची छिद्रं इतकी बारीक असतात की पॉलिश करण्याआधी ती बुजवावी लागत नाहीत.

वखारीत गेल्यावर डोळे आधी जातात ते वाघपट्टे उमटलेल्या, उजेडात हलल्यासारख्या दिसणाऱ्या फळ्यांकडे. पण तो देखणेपणा येतो तो लाकडाच्या शिरा लाटांसारख्या वरखाली गेल्यामुळे, आणि जिथे शीर वर येते तिथे रंध्याखाली ढलपी उडते. नेकला हवी असते साधी, सरळ शिरांची फळी. तिच्या कडेवरची एक शीर बोटाने धरायची आणि ती या टोकापासून त्या टोकापर्यंत सोबत येते का ते बघायचं. मध्येच ती कडेबाहेर गेली तर फळी परत ठेवायची, कारण उद्या ताण आला की नेक तिथूनच दगा देणार. मग फळी डोळ्यासमोर धरून, एक डोळा मिटून, लांबीच्या अंगाने बघायचं. वाक दिसला तर चालतो, तो रंध्याने काढता येतो. पीळ मात्र नको. पिळवटलेली फळी आज सपाट केली तरी पुन्हा त्याच अंगाने वळते.

निवडलेली फळी घरी आणून लगेच कापू नये. इथे हिवाळ्यात घर तापवणाऱ्या भट्टीमुळे हवा इतकी कोरडी होते की दाराच्या चौकटीही आकसतात, आणि जुलैत तीच हवा ओलसर होते. लाकूड त्या हवेप्रमाणे पाणी घेतं आणि सोडतं. म्हणून फळी आधी घरातच मुरू द्यायची. मग हव्या त्या आकाराहून थोडी मोठी कापायची आणि पुन्हा ठेवून द्यायची, कारण कापल्यावर आतले ताण मोकळे होतात आणि तुकडा किंचित हलतो. त्याचं हलून झाल्यावरच आपलं काम सुरू करायचं. हे वाट पाहणं कामात मोडत नाही असं वाटतं, पण सरळ नेकचा पाया त्यातच पडतो.

पुढची पायरी म्हणजे एक बाजू खरोखर सपाट करणं. ही बाजू पुढे फ्रेटची बाजू होणार असते. फळीच्या दोन टोकांना दोन सरळ काठ्या आडव्या ठेवायच्या आणि एका काठीच्या वरच्या कडेवरून दुसरीची कड बघायची. दोन्ही कडा एकमेकींना झाकत असतील तर पीळ गेला. एका बाजूला फट दिसली तर त्या कोपऱ्यावर रंध्याचे दोन हात मारायचे आणि पुन्हा बघायचं. धारदार रंध्यातून मेपलची चोय इतकी पातळ निघते की तिच्यातून खिडकीचा उजेड दिसतो. ही बाजू झाली की एक कड तिच्याशी गुण्यात आणायची आणि मधोमध सुरीने एक रेघ ओढायची. पेन्सिलीची रेघ जाड होते, सुरीच्या रेघेला जाडी नसते. यापुढचं प्रत्येक माप या बाजूशी, या कडेशी आणि या रेघेशी बांधलेलं. नेक नटपाशी, म्हणजे तारा हेडस्टॉककडे जाताना ज्या आडव्या पट्टीवर टेकतात तिथे, साधारण ४२ मिलिमीटर आणि बॉडीपाशी ५६ मिलिमीटर, अशी निमुळती असते. पण तो निमुळतेपणा शक्य तितका उशिरा कापायचा, कारण सरळ कड एकदा गेली की टेकायला जागा उरत नाही. गोलाई तर सगळ्यात शेवटी.

मग येते सळई. गिटारच्या सहा तारा सुरात आल्या की नेकवर सुमारे ४५ किलोचा ताण बसतो. मेपल तो एकट्याने सोसेल असं फेंडरना आरंभी वाटत होतं आणि अगदी पहिल्या काही गिटारींमध्ये सळई नव्हतीच. लाकूड एकटं पुरत नाही हे लवकरच कळलं. उपाय आधीपासून होता. गिब्सनमध्ये काम करणाऱ्या थॅडियस मॅकह्यू यांनी काढलेल्या ट्रस रॉडला १९२३ मध्ये पेटंट मिळालं होतं. नेकच्या आत पोलादी सळई घालायची आणि तिच्या एका टोकाला फिरवायचा नट बसवून ती ताणायची, ही त्यातली कल्पना.

वेगळी पट्टी असली की हे सोपं असतं. समोरून खाच पाडायची, सळई ठेवायची, वर पट्टी चिकटवायची. एका तुकड्याच्या नेकमध्ये समोरची बाजू फोडायची नसते, म्हणून खाच पाठीकडून पाडतात. ती सरळ नसते. टोकांना खोल आणि मध्ये उथळ, म्हणजे सळई मधल्या भागात पाठीच्या जवळून जाते. मध्ये किंचित उंच असलेल्या दोन पट्ट्यांवरून राउटर सरकवला की खाचेला हा बाक आपोआप येतो. तारा नेकची दोन्ही टोकं पुढे ओढतात आणि मध्ये खळगा पडू पाहतो. बाकदार सळई ताणली की ती सरळ व्हायला बघते आणि सरळ होताना मधलं लाकूड तारांच्या दिशेने ढकलते. एक ताण दुसऱ्या ताणाला उत्तर देतो. सळई बसल्यावर खाच अक्रोडाच्या पट्टीने बुजवतात. फिक्या मेपलच्या पाठीवर ती गडद रेघ उठून दिसते, आणि पाठीवर पांढरा पट्टा असणाऱ्या स्कंक या प्राण्यावरून तिला स्कंक स्ट्राइप म्हणतात. हेडस्टॉकच्या बाजूला, नटच्या मागे, सळईचं भोक बुजवायला अक्रोडाचाच थेंबाच्या आकाराचा तुकडा असतो. लोकांना हे नक्षीकाम वाटतं. खरं म्हणजे ती त्या कामाची उघडी ठेवलेली वाट आहे, आणि मला ती कुठल्याही नक्षीहून सुंदर वाटते.

राउटर मेपलमध्ये चालवताना कानाने काम करावं लागतं. पातं धारदार असेल आणि हात एका वेगाने पुढे जात असेल तर आवाज एकसारखा राहतो. हात क्षणभर थांबला तरी आवाज चढतो, गोडसर जळका वास येतो आणि खाचेच्या भिंतीवर तपकिरी डाग उमटतो. म्हणून एका दमात पूर्ण खोली गाठायची नाही. थोडं थोडं उतरवायचं आणि प्रत्येक फेरीनंतर भुसा साफ करायचा.

आता फ्रेट. फेंडरच्या गिटारीत नटपासून बॉडीवरच्या ब्रिजपर्यंत तारेची लांबी २५.५ इंच, म्हणजे ६४७.७ मिलिमीटर. या लांबीला १७.८१७ ने भागलं की ३६.३५ मिलिमीटर येतात, तिथे पहिला फ्रेट. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागायचं की दुसरा. असं करत गेलं की बारावा फ्रेट बरोबर मध्यावर, ३२३.८५ मिलिमीटरवर येतो आणि तिथे तार वरच्या सप्तकात बोलते. सोळाव्या शतकात फ्लोरेन्सचे ल्यूटवादक विन्सेन्झो गॅलिली, खगोलशास्त्रज्ञ गॅलिलिओंचे वडील, यांनी यासाठी १८ हा आकडा सांगितला होता. तो आकडा वापरला तर या लांबीवर बारावा फ्रेट मध्यापासून दोन मिलिमीटरहून थोडा जास्त अलीकडे पडतो. बोटाने तार दाबताना ती ताणली जाऊन स्वर किंचित चढतो, त्यामुळे तो नियम प्रत्यक्षात चालून जाई, आणि कारागीर कित्येक पिढ्या त्यावर विसंबून राहिले.

आखणी करताना एक पथ्य पाळायचं. फ्रेटपासून पुढचा फ्रेट मोजत जायचं नाही, सगळी अंतरं नटपासूनच घ्यायची. नाहीतर प्रत्येक मापातली बारीक चूक पुढच्याच्या डोक्यावर बसते. चुकीची किंमतही सगळीकडे सारखी नसते. अर्ध्या स्वराचे शंभर भाग धरले, तर ०.३ मिलिमीटरची चूक पहिल्या फ्रेटला एका भागाहूनही कमी पडते. विसाव्या फ्रेटपाशी, जिथे फ्रेटमधली घरं बारा मिलिमीटरपर्यंत अरुंद झालेली असतात, तीच चूक अडीच भागांची होते. वर जावं तसं सूर अधिक काटेकोर होत जातात. चिकटवलेल्या पट्टीवर करवत चुकली तर पट्टी उखडून दुसरी लावता येते. इथे ती सोय नाही. ०.६ मिलिमीटर रुंदीची खाच एकदा पडली की ती त्या नेकची कायमची. म्हणून मी प्रत्येक रेघ सुरीने ओढून, भिंगातून पाहून, मगच करवत टेकवली.

या आकड्यांकडे पाहताना माझ्या कानात मात्र तंबोरा होता. सुरेल लागलेल्या तंबोऱ्याच्या षड्जातून आपोआप उमटणारा गांधार ज्याने लहानपणापासून ऐकला आहे, त्याला गिटारच्या फ्रेटवरचा गांधार पहिल्यापासून किंचित चढा लागतो. तो भास नाही. सप्तकाचे बारा सारखे भाग केले की तो गांधार त्या नैसर्गिक गांधाराहून अर्ध्या स्वराच्या शंभर भागांतले चौदा भाग वर जातो. मिरजेच्या सतारीवर पडदे दोऱ्याने बांधलेले असतात. राग बदलला की वादक पडदा सरकवतो आणि हवी ती श्रुती मिळवतो. गिटारचा फ्रेट लाकडात ठोकलेला, तो सरकत नाही. मग हा कमी-जास्तपणा का पत्करायचा? कारण बाराही स्वरांना थोडं थोडं सोसायला लावलं की कुठल्याही स्वराला षड्ज मानून वाजवता येतं, आणि शेजारी पियानो असो, बास असो किंवा दुसरी गिटार, सगळ्यांचे सूर एकमेकांत बसतात. समोरच्या बाजूचा काटेकोरपणा इतरांसाठी आहे. लेक उद्या कुठल्याही मुलांबरोबर वाजवायला बसली तरी तिचा स्वर त्यांच्या स्वराला भेटला पाहिजे. त्यासाठी माझ्या आवडीनिवडीला या बाजूवर जागा नाही, आणि ते मला पूर्ण मान्य आहे.

मागच्या बाजूला मात्र आकडे हात आखडता घेतात. जाडीची दोन मापं तेवढी धरायची. पहिल्या फ्रेटपाशी साधारण वीस-एकवीस मिलिमीटर, बाराव्याशी त्याहून थोडी जास्त. या दोन जागी मी दोन आडवे छेद हव्या त्या गोलाईत कोरून घेतले. मग त्यांच्या मधलं लाकूड आधी सपाट पैलूंनी उतरवलं. एका पैलूचे दोन, दोनाचे चार, असं करत कोपरे मोडत गेले आणि गोलाई आली. इथवर दोन हातांनी ओढायचा छोटा रंधा आणि दातेरी कानस. पुढचं काम पोलादाच्या पातळ पात्याने खरवडत. दिवा बाजूला, खाली ठेवायचा. त्याच्या तिरप्या उजेडात पाठीवरची बारीकशी उंचीही सावली टाकते.

पण सावली सगळं सांगत नाही. पाठ माझ्या मते झाली तेव्हा मी लेकीला बोलावलं. तिने नेक मांडीवर आडवी घेतली आणि डोळे मिटून हात वरून खाली नेला. पाचव्या फ्रेटच्या पुढे हात थांबला.

"बाबा, इथे अंगठा अडतोय."

"तिथे काही नाहीये गं. उजेडात बघितलंय मी."

"दिसत नसेल. पण इथून पुढे जाताना हात आपोआप जात नाही, मला न्यावा लागतोय."

मी कॅलिपर लावला. अलीकडे आणि पलीकडे जाडी जशी वाढायला हवी तशीच वाढत होती. फरक जाडीत नव्हता, खांद्यात होता. पाठीच्या मध्यावरून कडेकडे उतरताना जो उतार असतो तो त्या जागी थोडा भरीव राहिला होता, आणि ते मोजायचं साधन माझ्याकडे नव्हतं. तिने बोट ठेवलं तिथे पेन्सिलीने फिकट रेघा मारल्या आणि त्या रेघा जाईपर्यंत पात्याने खरवडलं. तिने पुन्हा हात फिरवला. पुन्हा रेघा, पुन्हा पातं. लाकडाची जी भुकटी निघाली ती चिमटीतही मावली असती. शेवटी तिचा हात न थांबता बारा फ्रेट ओलांडून गेला आणि ती काही न बोलता एक धून वाजवल्यासारखी बोटं हलवू लागली. माझी आई भाकरी थापताना जाडी कधी बघत नसे, ती तळव्याला कळे. मेपलच्या पाठीलाही तोच न्याय आहे, हे मला तेव्हा पटलं. तळहाताला जे कळतं ते आकड्यापेक्षा कमी खरं नसतं. त्याची नोंद ठेवता येत नाही, इतकंच.

या मोकळिकीलाही हद्द आहे. सळई मधल्या भागात पाठीच्या जवळून जाते. हाताला आवडलं म्हणून तिथे खरवडत सुटलं तर अक्रोडाची पट्टी झिजत झिजत पोलाद उघडं पडेल. नेक कितीही सडपातळ हवीशी वाटली तरी आतल्या सळईचं भान ठेवावं लागतं. म्हणजे मागची बाजूही पूर्ण स्वतंत्र नाही. दोन्ही बाजू एकाच इंचभर जाडीत राहतात, आणि एकीची सीमा दुसरी ठरवते. दोन लाकडं असती तर हे मला इतकं जाणवलं नसतं.

फेंडरच्या जुन्या कारखान्यातही ही पाठ हातानेच उतरवलेली असे. राउटर, टेम्प्लेट, फ्रेटच्या खाचा पाडणारी यंत्रं सगळं होतं, पण पाठीची अंतिम गोलाई कामगार फिरत्या सँडिंग पट्ट्यावर नेक धरून आपल्या अंदाजाने आणत. पन्नाशीच्या दशकातल्या पुष्कळ नेकच्या टाचेवर, जो भाग बॉडीत लपतो तिथे, पेन्सिलीने तारीख घातलेली आढळते आणि काहींवर टीजी ही अक्षरं. ती टॅडिओ गोमेझ या कारागिराची. त्या काळातल्या समोरच्या बाजू शेजारी ठेवल्या तर फ्रेटची अंतरं सारखीच भरतात. पाठी मात्र एकीसारखी दुसरी नाही. सुरुवातीच्या वर्षांतल्या भरदार, १९५६-५७ च्या सुमारास मध्ये कणा असल्यासारख्या धारदार, नंतर सपाट होत गेलेल्या. आज जुनी गिटार हातात घेणारा माणूस जेव्हा म्हणतो की ही नेक हाताला बसते, तेव्हा तो त्या पेन्सिलवाल्या माणसाच्या हाताबद्दल बोलत असतो. जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या कारखानी वाद्यातही एक बाजू माणसाच्या तळहातावर सोपवलेली होती, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

बाकीचं काम ठरल्या वाटेने जातं. समोरच्या बाजूला हलकी गोलाई देऊन काळे ठिपके बसवले. फ्रेटची तार निकेल सिल्व्हरची. तिच्या नावात चांदी असली तरी ती तांबं, निकेल आणि जस्त यांची असते. तिच्या खालच्या पात्याला बारीक दाते असतात, ते लाकडात रुततात. एकवीस दातेरी पाती एकामागोमाग खाचांत शिरली की ती समोरचं लाकूड थोडं थोडं फाकवतात आणि नेक मागे वाकू बघते. म्हणून खाचेची रुंदी पात्याला बेताची हवी. सगळे फ्रेट एका पातळीत घासून, त्यांच्या माथ्यांना पुन्हा गोलाई देऊन, टोकांच्या कडा कानशीने मोडल्या. मेपल मळ लगेच धरतो, शिसवीसारखा उघडा ठेवून चालत नाही. म्हणून समोर लॅकरचे पातळ हात दिले आणि पाठीला फक्त तेल, कारण तिथे लेकीच्या हाताला लाकूडच लागायला हवं होतं. जुन्या मेपल नेकवर बोटं जिथे पडतात तिथला लॅकर जाऊन काळसर डाग दिसतात. तशी वेळ या नेकवर आली तर मला आनंदच होईल.

तारा चढवल्यावर नेक पूर्ण सरळ ठेवायची नसते, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला नवल वाटतं. कंप पावणारी तार मध्ये जास्त झुलते, म्हणून मधल्या फ्रेटपाशी तिच्यासाठी पाव मिलिमीटरच्या आसपास खळगा सोडावा लागतो. पहिले काही दिवस नेक ताणाला सरावते. तेवढ्या काळात सळईचा नट थोडा थोडा फिरवून तो खळगा सांभाळावा लागतो. हिवाळा बदलून उन्हाळा आला की पुन्हा बघावं लागतं. फेंडरच्या जुन्या रचनेत हा नट टाचेकडे असल्यामुळे त्यासाठी नेकचे स्क्रू सैल करावे लागतात, आणि मी तीच रचना ठेवली. वर्षातून दोनदा नेक सुटी करून हातात घ्यायला मिळते, ती तपासता येते, यात मला अडचण वाटत नाही.

ज्याला घरी अशी नेक करायची असेल त्याला मी एवढंच सांगेन. समोरच्या बाजूवर आपलं मत चालवू नका. तिथे जे आकडे आहेत ते आपल्या आधीच्या कित्येक पिढ्यांनी एकमेकांबरोबर वाजवता यावं म्हणून ठरवले आहेत. ते पाळणं हे त्या सगळ्यांशी राखलेलं इमान आहे. आणि पाठीवर दुसऱ्या कुणाचे आकडे आणू नका, मग ती नेक कितीही मोठ्या वादकाची का असेना. जो माणूस ती वाजवणार आहे त्याचा हात मागून घ्या, तो जिथे थांबतो तिथलं लाकूड काढा आणि सळई लक्षात ठेवून थांबा. आयुष्यात ज्या ज्या ठिकाणी मी गोंधळलो, तिथे मी बहुधा या दोन बाजूंची अदलाबदल केली होती. जिथे सगळ्यांचा सूर जुळायला हवा तिथे माझा हट्ट धरला आणि जिथे एकाच माणसाचा हात बघायचा तिथे नियम काढून बसलो. लेक आता तिच्या मित्रमैत्रिणींबरोबर वाजवते. तिचे स्वर त्यांच्याशी जुळतात आणि नेक तिच्याच हाताला बसते. या दोन्ही गोष्टी एका फळीतून निघू शकतात, याची खात्री मला या कामाने दिली, आणि ती मी आता लाकडाबाहेरही वापरतो.